ओट्यापुढची टाच

२१ जुलै १९९१, जळगाव
सकाळी पलंगावरून उतरले आणि उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखं झालं. दहा-बारा पावलं लंगडत, भिंत धरून. मग आपोआप ठीक. आज आठवा दिवस. पहिलं पाऊल तेवढं वाईट.
शाळेत पर्यवेक्षिकेचं काम तात्पुरतं माझ्याकडे आहे. दोन मजले, चौदा वर्ग, दिवसाला तीन फेऱ्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू, मग कायम करू." पंधरा वर्षं वाट पाहिली या कामाची. चौधरीबाईंनीही पाहिली. त्यांच्या टाचा ठणठणीत आहेत.

२९ जुलै
अक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा, उपाय. त्यांचं म्हणणं, टाचेत वारा शिरला. वीट तापवायची, वर रुईचं पान, पानावर टाच दाबायची. चर्र. रात्री बरं वाटलं, सकाळी जैसे थे. हे म्हणाले, "विटेवर उभी राहिलीस, आता कमरेवर हात तेवढे ठेव." हसू आलं, मग राग आला.

१३ ऑगस्ट
धुळ्याला नणंदेकडे गेले होते. तिनेच हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढला. टाचेच्या खाली हाडाचा काटा वाढलाय, बोरीच्या काट्याएवढा. मी घाबरले. डॉ. शांत. "काटा कित्येकांना असतो, दुखत नाही. दुखतोय तो तळव्याचा पट्टा. रात्रभर आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो."
कारणं विचारली. फार वेळ उभं राहणं, कडक जमीन, वजन, आखडलेली पोटरी. (वजनावर थोडं थांबले. मी खिडकीबाहेर पाहिलं.)
उपाय : उठण्याआधी पायाच्या बोटांत टॉवेल अडकवून ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. मऊ तळव्याची चप्पल, घरातसुद्धा. अनवाणी अजिबात नाही.

२ सप्टें.
निळ्या मऊ चपला आणल्या. पलंगाखाली ठेवते, थेट त्यांच्यातच उतरते. बैठकीत, खोलीत घालून फिरते. अक्का नुसत्या बघतात. टॉवेल ओढते तेव्हा मात्र विचारतात, "ताक घुसळस का वं?"

२३ सप्टें.
तीन आठवडे झाले, फरक नाही. परत धुळे. डॉ. : "घरात चप्पल घालता ना?" मी : "हो, सतत." मग म्हणाले, एक इंजेक्शन देऊन बघू, पण ते वरचेवर द्यायचं नसतं. टाचेत सुई. डोळ्यांतून पाणी आलं. परतीच्या एस.टी.त पारोळ्यापर्यंत टाच हातात धरून बसले.

१६ ऑक्टो.
तीन आठवडे छान गेले. आज पुन्हा तेच. आलं हत्तीच्या पावलांनी, जाताना मुंगीचंही पाऊल उचलत नाही. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात कठडा धरून उभी होते. चौधरीबाई मागून आल्या. "वरचा मजला मी करू का बाई?" आवाजात माया होती, म्हणून जास्त लागलं.
हे : "सोड ना ते. शिकवणं तर आहेच." मला ते काम हवं आहे.

१२ नोव्हें., माहेर (चाळीसगावजवळ)
भाऊबीजेला आले, राहिले. आज वहिनीने विचारलं, "वन्सं, लंगडणं गेलं की तुमचं?" तेव्हा लक्षात आलं. चार दिवस झाले, सकाळी भिंत धरलेली नाही. चपला पिशवीतच आहेत. दिवसभर अनवाणी आणि टाच गप्प! घर मातीचं, सारवलेलं. चुलीपुढे पाटावर बसून भाकरी.
डॉ.नी सांगितलं त्याच्या उलट वागले आणि बरी झाले. कसं काय?

२१ नोव्हें., जळगाव
येऊन पाच दिवस. कालपासून कळ परत.
आज पोळ्या लाटताना खाली पाहिलं. चकचकीत फरशी आणि तिच्यावर माझे उघडे पाय. चपला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. रोज तिथेच काढते, काढते हे कळतही नाही. कोपऱ्यात देव, पुढे अन्न. तिथे चप्पल असू शकते हे डोक्यातच आलं नाही. डॉ.नी विचारलं, मी "हो, सतत" म्हणाले. खोटं बोलले नाही. स्वयंपाकघर मी घरात धरलंच नव्हतं.
सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. मे महिन्यात या घरात आलो. जुन्या घरी स्टो खाली होता, बसून रांधायचे. ओटा हवा हा हट्ट माझाच. काखेत कळसा आणि धुळ्याला वळसा.

२२ नोव्हें.
अक्कांना विचारलं. सरळ. स्वयंपाकघरात चप्पल घातली तर चालेल का?
"तठे देव शे. अन्न शे. चप्पल घालीसन उभी ऱ्हाशी?"
नवीच आहे, बाहेर कधी नेली नाही, म्हटलं.
"चप्पल ती चप्पलच."
मी वाद घातला नाही. खरं तर मलाही विचारताना लाज वाटली. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.
संध्याकाळी ओट्यापुढे चौघडी केलेलं गोणपाट पसरलेलं. अक्कांनी. त्यावर उभी राहिले. पहिल्या दिवशी बरं वाटलं.

२९ नोव्हें.
गोणपाट दबून पापड झालं. टाच तशीच. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "फेऱ्या जमत नसतील तर तसं लिहून द्या. चौधरीबाईंना देते. पुढच्या आठवड्यात सांगा." कोरा कागद घेऊन आले.
घरी आल्यावर रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. अक्कांनी बाहेरून विचारलं, "बठ्ठं पाणी सारशी का?" सगळं पाणी संपेल ही त्यांना काळजी.

२ डिसें.
शाळेतून आले. स्वयंपाकघराचा कोपरा रिकामा. भिंतीवर हळदीकुंकवाचे डाग तेवढे. देव्हारा बैठकीत, पुस्तकांच्या कपाटावर. दिवा लागलेला. ह्यांनी उचलून ठेवला, अक्कांनी जागा दाखवली.
मी अक्कांकडे पाहत राहिले. त्या वाती वळत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "देवले तठे फोडणीना ठसका लागे. आठे हवा शे."
सत्तरी ओलांडलेली बाई. पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, चहा केला. चहा करताना अनवाणीच होते.

४ डिसें.
काल सकाळी ठरवून गेले. दारापर्यंत चपला पायात, आत पाऊल टाकलं आणि पाहते तो चपला बाहेर. पायांनी परस्पर काढल्या. संध्याकाळी पुन्हा तेच. आज हातात घेऊन आत गेले, ओट्यापुढे खाली ठेवल्या. त्यांच्याकडे बघत उभी. कढईत मोहरी जळून गेली.
अक्का मेथी निवडत होत्या. "देव गयात तठून. आते कोनले भ्यास तू?"
कोणाला भिते मी? कढई उतरवून ठेवली.
शेवटी उजवा पाय घातला. दुखरा. डावा फरशीवरच. तशीच, एका चपलेवर, सगळा स्वयंपाक केला. कागद पर्समध्ये आहे, कोरा. मुख्याध्यापिकाबाईंना शनिवारपर्यंत सांगायचं आहे.