सखूचा श्रावण

२० जुलै २०२५, रविवार

आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. खिडकी उघडली की मांडवीचा समुद्र थेट खोलीत येतो. कपडे मात्र चार दिवस वाळायचे नाहीत. माझे मालक चारुदत्तसर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. ते खालच्या मजल्यावर राहतात आणि टॅरंटुला जातीच्या कोळ्यांची पैदास करतात. एकवीस काचेच्या पेट्या, प्रत्येकीत नारळाच्या सोडणाचा भुसा आणि लपायला अर्धी करवंटी. तळहाताएवढे केसाळ जीव, पण स्वभावाने माझ्या सासरच्या माणसांपेक्षा गरीब! सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून त्यांना बीएस्सी झालेली आणि न किंचाळणारी मुलगी हवी होती.

सासूबाईंना मी सरांकडे लिखापढीला आहे एवढंच सांगितलंय. खरं कळलं असतं तर त्यांनी मला लांज्याच्या घरातून बाहेरच पडू दिलं नसतं. विनीतला मात्र सगळं ठाऊक आहे. फोनवर खदखदून हसला मेला आणि म्हणाला, की मला दोनच पाय आहेत म्हणून सोडू नकोस हां. लग्नाला अडीच महिने झाले, त्यातले बाराच दिवस आम्ही एकत्र होतो. तो ठाण्याला चौघांत राहतो. दोघांची खोली करायची तर मलाही कमवायला हवं. गणपतीला येईल तेव्हा दारावर बोटांनी ताल धरील. जाखडी नाचात ढोलकी वाजवणारा माणूस तो, बेल दाबणं त्याला ठाऊकच नाही.

२३ जुलै, बुधवार

आज सखू आणि बाबूची ओळख झाली. सखू नऊ वर्षांची मादी, या घरातली थोरली बाई. बाबू पाहुणा. अलोऱ्याच्या उर्वीने, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने, त्याला नखाएवढा होता तेव्हापासून पाच वर्षं वाढवलंय. पिल्लं झाली तर निम्मी तिची. पण डबा माझ्या हातात देताना तिने तीनदा बजावलं, की पिल्लं राहू देत, बाबू परत हवा. डोळे भरले होते तिचे.

बाबू वयात आलाय. आता त्याला खाण्यापिण्याची शुद्ध नाही, दिवसभर पेटीत फेऱ्या मारतो. सरांनी सांगितलं, की नर मादीच्या दाराशी गेला की पुढचे पाय जमिनीवर आपटतो. मादीने उलट ठोके दिले की तो आत शिरतो. खरी गोम पुढेच आहे. उपाशी मादीसुद्धा ठोके देते, आणि नर बिचारा तेवढ्यावर विश्वास ठेवतो. म्हणून मादी आधी तुडुंब जेवलेली पाहिजे. दोन-अडीच आठवडे, दर तीन दिवसांनी रातकिडे. भिंतीवर तक्ता आहे, त्यात ‘खाल्लं’ असं लिहायचं. हे काम आता माझं.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. सकाळीच सासूबाईंचा फोन आला. लग्नानंतरचा पहिला श्रावण, एकवेळ जेव, आणि हातून मुंगीसुद्धा मरता कामा नये, नवऱ्याच्या आयुष्याची गोष्ट आहे, असं त्यांनी दहादा सांगितलं. मी हो म्हटलं आणि रातकिड्यांचा डबा उघडला. चिमट्यात एक धरला. त्याचे पाय वळवळत होते. हात पुढे जाईचना.

शेवटी ठरवलं, सखूबाईंनाही घडू दे एक श्रावण! हे जीव महिनोन्‌महिने न खाता जगतात, पुस्तकात लिहिलंय. तक्त्यात ‘खाल्लं’ लिहून टाकलं. सरांना अक्षरं दिसतच नाहीत म्हणा.

६ ऑगस्ट, बुधवार

सखू आताशा करवंटीत बसत नाही. काचेला पोट लावून उभी असते. मी पेटीशी गेले की पुढचे दोन पाय उचलते. सरांनी तक्ता वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. शाब्बास म्हणाले आणि रविवार ठरवून टाकला, कारण बुधवारी त्यांना ऑपरेशनसाठी पुण्याला जायचंय.

सांगायला हवं होतं. जीभच रेटली नाही. नोकरी गेली तर ठाण्याची खोलीही गेली.

१० ऑगस्ट, रविवार



दुपारी तीनला बाबूला सखूच्या पेटीत सोडलं. सर पुठ्ठा घेऊन, मी लांब चिमटा घेऊन, दोघांना वेळेवर वेगळं करायला. बाबूने ठोके दिले. सखूने लगेच उलट दिले. सरांना आवाज ऐकू आला, ते खुश झाले. बाबू पुढे गेला, आपल्या पायांच्या आकड्यांनी तिचे सुळे वर धरले, काम उरकलं आणि मागे सरू लागला. सर म्हणाले आता. मी चिमटा घातला. तेवढ्यात ती वळली.

वाळका पापड मोडावा तसा आवाज झाला. बाबूचे पाय बराच वेळ हलत होते.

सर खाली बसले. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, की ती जेवलेली होती, असं व्हायला नको होतं. उर्वीचा फोन आला, तिला म्हटलं कुणाचीच चूक नाही. ती नुसती रडली. रातकिडा मारला नाही आणि बाबूचा जीव घेतला. चांगलं पुण्य कमावलंस गं तेजस्वी!

चिमटा काढताना सखूने पाठीवरचे केस उडवले. मनगटावर लाल चट्टे आलेत. खूप खाजतंय.

१३ ऑगस्ट, बुधवार

सर पहाटेच पुण्याला गेले. घरात मी आणि वीस पेट्या. सखूची एकविसावी, ती मी मोजत नाही.

चट्टे कोपरापर्यंत आलेत. आणि एक विचित्रच. दुपारी अनवाणी उभी होते, तर जिन्यावर मैनाताई येतेय हे तळपायांना कळलं. कानांना नंतर. मैनाताई भांडी घासायला येते. म्हणाली, पोरी, किती वाळलीस, उपास पुरे कर. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. का, ते मला कळलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

वरणभात कागदासारखा लागतो. दोन घास खाऊन ताट सारलं. भूक मात्र एवढी की पोटात आग पडलीय.

सखूला रातकिडा दाखवला. होय, दाखवला, पाप लागो की काही होवो. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. करवंटीत निवांत बसलीय. तिची भूक गेली. बाबू खाऊनच गेली असणार.

असणारच. नाहीतर गेली कुठे?

२० ऑगस्ट, बुधवार

रातकिड्यांचा डबा रिकामा. झाकण माझ्या उशाशी. दातात काहीतरी अडकलं होतं, आरशात बघून काढलं. बारीक, तपकिरी, काटेरी पाय.

मैनाताईला उद्यापासून येऊ नको सांगितलं. ती बोलत होती तेव्हा तोंडात पाणी सुटत होतं. देवा रे!

२३ ऑगस्ट, शनिवार

श्रावण संपला. बाजारातून बांगडे आणले, कालवण केलं, सगळं खाल्लं. काही उपयोग नाही. ही भूक बांगड्याची नव्हे.

सरांना फोन केला. डोळ्याला पट्टी आहे, पण आवाज प्रेमळ. सगळं कबूल केलं, तक्ता, श्रावण, सगळं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त रडू आलं. मग विचारलं, नराला आधी सांगून ठेवता येत नाही का. हसले. म्हणाले, नराला सांगून कळत नाही, पेटी बंद ठेवणं एवढंच आपल्या हातात.

२५ ऑगस्ट, सोमवार

विनीत उद्या येतोय. आधी इथे, मग दोघांनी मिळून लांज्याला, असा त्याचा बेत. त्याला म्हटलं येऊ नकोस, थेट घरी जा. तो म्हणाला, रुसलीस काय गो? म्हटलं आजारी आहे, लागण होईल. मग तर येतोच म्हणाला.

किती गोड आवाज आहे त्याचा. फोन ठेवला तर हनुवटी ओली —

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका

सासूबाईंचा फोन. आज निर्जळी उपास कर, विनीतला शंभर वर्षं आयुष्य मिळेल. उपास! आई, माझ्याकडून दुसरं काहीही मागा —

दुपार. खोलीची कडी आतून लावली. कडीला सुतळी गुंडाळली, सात गाठी. विनीतचा फोन उचलला नाही. आतून ओरडून सांगेन, जा म्हणून. माझा विनू आहे तो. बाराच दिवस —

चार वाजले. फाटक. तळपायांना कळलं. उजवा पाय जरा जोरात टाकतो, तोच. जिना. एक, दोन —

ओरडायला तोंड उघडते, आवाज येत नाही. नुसती लाळ —

दारावर बोटं. त्याचा ताल. हसतोय बाहेर, हाक मारतोय, तेजू —

जा. विनीत, जा. पुठ्ठा घेऊन कुणी उभं नाही इथे —

सुतळी खाली पडलीय. गाठी कुणी सोडल्या —

थांबला. कान देतोय. उत्तर नाही मिळालं तर जाईल. मी गप्प बसणार. गप्प —

डावा हात दारावर आहे. बोटं वाजतायत. मी नाही, विनीत, मी नाही वाजवत, तो माझा —

त्याने पुन्हा ठोके —