अण्णांच्या कानाजोगा आवाज

प्रिय गणू,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे पत्र. हे होसूरला तुझ्याकडे पोचेपर्यंत तुझा राग थोडा उतरला असेल अशी आशा करते. नसेल उतरला तरी शेवटपर्यंत वाच. मोठ्या बहिणीचा एवढा हक्क अजून आहे.

मी सांगवीच्या त्याच स्टुडिओत आहे. साड्यांच्या दुकानांच्या आणि फ्लॅट-स्कीमच्या जाहिरातींचे आवाज दिवसभर चकचकीत करते. माझ्यासमोर चॅनेल स्ट्रिप नावाची पेटी असते. माइकमधला आवाज आधी तिच्यातून जातो. तिचा गेट बारीकसारीक खुडबुड बाहेरच अडवतो, इक्वलायझर आवाजातलं जाड-बारीक कमी-जास्त करतो, आणि कॉम्प्रेसर ओरडणाऱ्याला दाबून पुटपुटणाऱ्याला वर उचलतो. आई म्हणायची, हे यंत्र गणूच्या नि अण्णांच्या मधे बसवायला हवं होतं.

दिवाळी झाल्यावर अण्णा म्हणाले, अंबूचा आवाज ऐकव. आई गेल्यावर माझ्या फोनवर तिचा एकच निरोप उरला होता, येताना अण्णांसाठी शेवग्याच्या शेंगा आण म्हणून. मागे कुकर आणि पंखा. मी तो स्टुडिओत नेऊन जाहिरातीसारखा घासूनपुसून काढला. घरघर कापली, वर छान चमक चढवली, गेट लावला. अण्णांना घरी हेडफोन घातले. ते मान हलवत राहिले. निरोप संपला तरी हलवतच राहिले. मला तिथेच रडू आलं रे.

मग त्यांना निगडीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ओठ दिसू नयेत म्हणून बाईंनी तोंडासमोर कागद धरून विचारलं, नाव काय तुमचं? अण्णांनी मान हलवली. राहता कुठे? पुन्हा मान हलवली. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. तिथे यंत्रांच्या दणदणाटात कोण काय बोलतं ते कुणालाच ऐकू येत नाही. होकारार्थी मान हलवायची आणि पुढचा पत्रा घालायचा, हीच सगळ्यांची सवय. घरीही तीच चालू होती, आणि आपण समजत होतो की अण्णांना सगळं पटतंय. बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानातून केव्हाच गेलेत. मी चमक चढवली होती ती नेमकी तिथेच. कानातलं मशीन लावलं तर नुसता गलका होतो म्हणून काढून ठेवतात.

मी पुन्हा बसले. चमक उतरवली, त्यांना अजून ऐकू येतो तो मधला भाग उचलला, गेट काढूनच टाकला आणि कॉम्प्रेसर चांगला आवळला. तेव्हा निरोपाच्या शेवटी आईचं पुटपुटणं वर आलं. गेटने ते खुडबुड समजून कापलं होतं. "मी सांगितलं म्हणू नको ह्यांना, उगं फुगतील." अण्णा ते ऐकून हसले. मग टॉवेल तोंडावर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले.

आता तुझं. आईच्या तेराव्याला तू चपला घालताना खाली बघत म्हणालास, मी परत नाही आलो तर चालेल ना? वर पाहिलंस तेव्हा अण्णा मान हलवत होते. तू निघून गेलास, आणि मीही त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. गणू, त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. परवा मी त्यांना स्टुडिओत नेलं आणि तुझं वाक्य माइकवरून जसंच्या तसं ऐकवलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "ह्याला मी व्हय म्हनलो?" एवढंच विचारलं त्यांनी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानात उरलंय तेही उतरतंय, फार दिवस टिकणार नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. तुझा आवाज मला पाठ आहे, त्याच्यापुरतं सगळं जुळवून ठेवलंय. ये आणि माइकसमोर बस. भांडलास तरी चालेल, त्यांना ऐकू येईल असं भांड. मी रोज संध्याकाळी आईचा निरोप लावू का विचारते, पण परवापासून ते हेडफोन घालतच नाहीत. "अंबूचं ऐकलं मी. ऱ्हायलेला कान आता पोरासाठी ठिव," म्हणतात. कान असा साठवून ठेवता येत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

वाट बघणारी तुझीच,
स्वप्नालीताई