बिनस्विचचं घर

सोमवार, ३ जून
खोली मिळाली! सगळ्यात वरचा मजला, मोठी खिडकी, शेजारची खोली ताईची. ताई म्हणाली, आता तरी वेळेवर जेव, तारा चघळून पोट भरत नाही. घरमालकीणबाईंच्या बैठकीत याच घराचा प्लास्टिकचा छोटा नमुना आहे, त्यांच्या दिवंगत यजमानांनी केलेला. जिना, कठडे, दारांच्या कड्यासुद्धा अचूक. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय कळताच त्यांनी विचारलं, नमुन्यातल्या प्रत्येक भाडेकरूच्या खोलीत बारीकसा दिवा बसवशील का. अट एकच, स्विच नको. त्यांच्या स्वतःच्या खोलीत मात्र दिवा नको, त्यांना म्हणे उजेडात झोप येत नाही. नमुन्यातल्या उजेडात? ताई पदराआड हसत होती.

रविवार, ९ जून
भिंतींना आतून आधी काळा रंग दिला, मग पांढरा. नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो. चार दिवे: तळमजल्यावर घड्याळवाले काका, मधल्या मजल्यावर शिंपीणबाई, वर आम्ही दोघी. शिंपीणबाई म्हणाल्या, कपड्यांचा ढीगही दाखव, नाहीतर खोली माझी आहे हे कोण ओळखणार. जोडायला जागा तीनच होत्या, म्हणून ताईचा आणि माझा दिवा एकाच तारेवर एकामागे एक घेतला. एक गेला तर दोन्ही जाणार. शुद्ध आळस. माझ्या दिव्याची तार जोडणारा सोल्डरचा टाका कच्चा राहिला, हे छप्पर चिकटवल्यावर लक्षात आलं. चालेल.

बुधवार, १२ जून
सकाळी काकांचा दिवा विझलेला दिसला. तार सुटली होती. संध्याकाळी बघू म्हटलं. दुपारी काका टेबलावर डोकं टेकून गेलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय. महिनाअखेर ते खोली सोडणार होते. योगायोग. केवळ नोंद म्हणून लिहिते.

शुक्रवार, १४ जून
शिंपीणबाईंचा दिवा मंद होता. दुरुस्तीसाठी तार सोडली. वर धाडकन आवाज. धावत गेले तर बाई जमिनीवर, श्वास बंद, ताई त्यांची छाती दाबतेय. मला काका आठवले. खाली पळाले, तार जोडली. वरून बाईंचा आवाज आला, माझा चष्मा कुणी तुडवला मेला.


शनिवार, १५ जून
मालकीणबाईंना विचारलं. विणकाम न थांबवता म्हणाल्या, की यजमानांनी पहिला दिवा स्वतःच्या खोलीत लावला. तो गेला त्या दिवशी तेही गेले. मग आम्हाला का? म्हणाल्या, भाडेकरू टिकत नाहीत गं. दिवा असला की माणूस घर सोडत नाही. आणि काका? काका निघाले होते ना, म्हणाल्या.
नमुना उचलून पळावं, तर धक्क्याने माझा टाका सुटेल. माझ्यापाठोपाठ ताईही—

रविवार, १६ जून
माझा दिवा फडफडतोय. त्याच्यासोबत ताईचाही. फडफडला की दोघींचा श्वास अडक—
आला.
ताई बैठकीतल्या कोचावर पडलीय. म्हणते, ॲसिडिटी असेल गं. तिला काही सांगितलेलं नाही. छप्पर उचकटायला वेळ—
वेळ नाही.

दुपार
तळाचं झाकण काढलं. माझ्या दिव्याच्या अलीकडची आणि पलीकडची तार इथे उघडी आहे. दोन्ही तांब्याच्या तुकड्याने जोडल्या की वीज माझी खोली टाळून सरळ ताईकडे जाईल. टाका सुटला तरी तिचा दिवा जाणार नाही. माझी खिडकी मात्र लगेच विझेल. दुसरा मार्ग शोधला. ना—

ताईचे ओठ निळे.
ताई, मी उठले नाही तर ही वही वाच. नमुन्याला हात लावू नकोस, बाईंनाही लावू देऊ नकोस.
तार जोडली. पीळ घट्ट दिला.
माझी खिडकी काळी. तुझी, आधीपेक्षा जास्त उजळ. तू डोळे उघड