हसऱ्या चेहऱ्यावर बोट

३ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच — मी पाय धरला, आयाबाई मावशींनी खांदे दाबले आणि एका पोराला एक्स-रेच्या टेबलावर सरळ केलं. झाडावरून पडलेला, नडगी मोडलेली. दुखणं थांबवायला औषधाचा थेंब नाही! का? तर हाडांचे मोठे सर अजून आलेले नाहीत. "हाडांच्या डॉक्टरने पाय बघितल्याशिवाय दुखणं थांबवायचं नाही, खुणा झाकल्या जातात" — ही आमच्या कॅज्युअल्टीत त्यांनी घालून दिलेली रीत. सर ऑपरेशनमध्ये अडकले की पोरं इथे बोंबलत पडतात.

पोरगा मला म्हणाला, "काका, सोडा ना. मी काय केलंय?"

काय सांगणार? मी ब्रदर. औषधाच्या कपाटाची चावीसुद्धा माझ्याकडे नसते. पोरांना धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

४ फेब्रुवारी

सुट्टी. जेवताना हिच्यावर उगाच खेकसलो. ही म्हणाली, "तिथला राग तिथेच ठेवून येत जा. घरात आधीच जागा कमी आहे."

९ फेब्रुवारी

जिंकलो! म्हणजे अर्धं तरी.

नवीन डॉक्टर मॅडम, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, सरळ मोठ्या सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे, दाराला टेकून. नाकात मारायचा फवारा असतो म्हणे — सुई नाही, टोचाटोची नाही, थोड्या वेळात दुखणं उतरतं. एक्स-रेच्या आधीच द्यायचा. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण ऊठसूट नाही. कुणाला द्यायचा ते कोण ठरवणार?"

तेव्हा मी तोंड उघडलं. चेहऱ्यांचा तक्ता असतो ना, सहा चेहऱ्यांचा — पहिला हसरा, मग एकेक पडेल होत जाणारा, शेवटचा ढसाढसा रडणारा. मुलाने बोट ठेवायचं. बोट रडक्या बाजूला गेलं तर फवारा. "मोठ्यांनी ठरवायचंच नाही, सर. मूल सांगेल ते खरं." सर म्हणाले, "बरं. तुमच्या शब्दावर."

तक्ता मीच छापून आणला, छोटासा, खिशात मावेल असा. वर प्लास्टिक चढवलं. घरी मिरवला. ही म्हणाली, "रोज सकाळी तुम्हीच बोट ठेवत जा. म्हणजे मला कळेल, आज तुमच्याशी बोलायचं की नाही!"

१३ फेब्रुवारी

गुडघा खरचटलेला एक पठ्ठ्या आला. तक्ता पुढे करायच्या आधीच शेवटच्या चेहऱ्यावर बोट! हाडं सगळी जागच्या जागी. मलमपट्टीवर बोळवण केली, तर मावशींना म्हणतो, "मग तो कागद दाखवलाच कशाला?"

पण संध्याकाळची ती छोटी — घोट्याच्या वर पाय मोडलेला. फवारा दिला. एक्स-रे होईपर्यंत मला तिच्या मांजरीचे सगळे पराक्रम ऐकावे लागले. आज कुणालाच धरून ठेवलं नाही. घरी येताना गाणं गुणगुणत आलो, बेसूर.

१९ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दुपारी आई आणि मुलगी आल्या. आई स्कूटर चालवत होती, पोरगी मागे, वळणावर स्कूटर घसरली. पोरगी सहा-सात वर्षांची. मांडी सुजून टम्म, पाऊल बाहेर वळलेलं. हाड मोडलंय हे लांबूनच दिसत होतं. आईला विचारलं, तुम्हाला कुठे लागलंय? "मला काही झालेलं नाही, तिच्याकडे बघा." लांब बाह्यांचं जॅकेट, पर्स पोटाशी आवळून धरलेली. एकच घोकत होती — "माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं."

पोरीपुढे तक्ता धरला. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि बोट ठेवलं.

हसऱ्या चेहऱ्यावर!

वाटलं, कळलं नसेल. पुन्हा समजावलं. पुन्हा हसरा. ओठावर घाम, नाडी पळतेय, आणि बोट मात्र हसऱ्यावर. आई म्हणाली, "दुखत नाहीये ना गं? खरंच ना?" पोरगी म्हणाली, "नाही."

मॅडम आज रजेवर. सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, ही दुखणं गिळतेय." सर म्हणाले, "मूल सांगेल ते खरं, हे तुमचेच शब्द ना? मग आता तुम्ही कोण ठरवणारे?" माझाच तक्ता माझ्याच तोंडावर मारला. तापावर देतात ते गोड औषध दिलं. मांडीचं हाड मोडलंय आणि तापाचं औषध!

एक्स-रेत हाडाचे सरळ दोन तुकडे. सर आले, म्हणाले, पायाला वजन टांगून ठेवायचं. म्हणजे आधी पाय ओढून सरळ करायचा. मी पुन्हा विचारलं, "फवारा देऊ?" सर थकलेले होते, पण ओरडले नाहीत. म्हणाले, "डोक्यालाही मार असला तर? गुंगीत कळायचं नाही. शांत आहे ना ती? राहू दे शांत."

मी पाय धरला. शेवटी धरायचं काम माझ्याच वाट्याला!

सरांनी ओढला. पोरीने आईचा हात दोन्ही मुठींत पकडून पिळला, दात आवळले. आवाज नाही. किंचाळली ती आई! अशी किंचाळली की बाहेरची माणसं दारात जमली. मावशी तिच्यावर डाफरल्या, "अहो, पोरगी बघा केवढी शूर, आणि तुमचं काय हे!" मीसुद्धा म्हटलं, "ताई, तुम्हीच असं केलंत तर ती घाबरेल." आईने ओठ चावून मान खाली घातली. डोळ्यांतून धारा. पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "काका, परत दाखवू?" आणि मी काही म्हणायच्या आत पुन्हा बोट हसऱ्यावर.

सगळे म्हणाले, काय शूर आहे! मला रडू येत होतं. काहीही करता आलं नाही. काहीही.

२० फेब्रुवारी

डोळ्याला डोळा नाही. असल्या शूरपणाला आग लागो.

२१ फेब्रुवारी

ड्युटी संपल्यावर वर मुलांच्या वॉर्डात गेलो. आई खाली कॅन्टीनला गेलेली. पोरगी छताकडे बघत पडलेली, पायाला वजन लटकतंय, चादर मुठीत. मला बघून म्हणाली, "तो चेहऱ्यांचा कागद आहे?"

होता, खिशातच. तिने आधी दाराकडे पाहिलं. "आई आली का?"

"नाही."

"मग आता खरं दाखवू?"

शेवटचा चेहरा. बोट ठेवलं ते उचललंच नाही.

म्हटलं, बाळा, मग त्या दिवशी का नाही दाखवलंस? म्हणाली, "आईसमोर कसं दाखवणार? मला लागलं की ती रडते. पाय ओढला तेव्हा बघितलं ना तुम्ही, केवढ्याने ओरडली? मी तर ओरडलेसुद्धा नव्हते! तिला सांगू नका हं."

धावत जाऊन मॅडमना बोलावलं. त्यांनी काही न विचारता इंजेक्शन दिलं. हळूहळू पोरीची मूठ सुटली, झोप लागली. दोन दिवस तिने सगळं दुखणं त्या मुठीतच धरलं होतं, आणि आम्ही खाली तिच्या शौर्याच्या गोष्टी सांगत बसलो होतो. लाज वाटते या कामाची.

आई आली. अजून तेच जॅकेट, चहाचा कप डाव्या हातात. "झोपली? म्हणजे दुखत नाहीये ना?" मी म्हटलं, "छान झोपलीये." आणि काढता पाय घेतला.

२२ फेब्रुवारी

आज प्लास्टरच्या खोलीत पेशंट कोण? तर तिची आई. वॉर्डच्या सिस्टरने तिला जॅकेटची बाही वर करायला लावली. मनगट मोडलंय, सुजून काळंनिळं. स्कूटर घसरली तेव्हापासूनचं. पोरीने दोन्ही मुठींत पिळला, तोच हात.

म्हटलं, "ताई, बोलला का नाहीत?"

"पोरगी हूं की चूं करत नव्हती. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

तक्ता पुढे केला. बोट हसऱ्या चेहऱ्याकडे निघालं, मध्येच थांबलं. तिने वळून दाराकडे पाहिलं. "ती वर आहे ना?"

"वर आहे. झोपलीये."

बोट सरकत सरकत शेवटच्या चेहऱ्यावर गेलं.