निश्चल चित्राचा वाटा

४ डिसेंबर
पोचले एकदाची! खोली उबदार आहे, शेजारीण गरम नान आणि जर्दाळूचा मुरंबा देऊन गेली. नोकरीही माझ्या भांडखोर स्वभावाला साजेशी: साऱ्या खोऱ्याला जेमतेम पुरेल एवढं इंटरनेट सगळ्यांना वाटून द्यायचं. संध्याकाळचा चहा झाला की घरोघरी रशियात कामाला गेलेल्या माणसांशी व्हिडिओ कॉल सुरू होतात. सारखं वाटलं तर एक ना धड भाराभर चिंध्या, कुणालाच कुणाचा चेहरा दिसायचा नाही. म्हणून यंत्र बघतं: चित्रात हालचाल असेल त्याला वाटा जास्त, निश्चल असेल त्याला नावापुरता. पडद्यावर प्रत्येकाची एक रेघ असते, वाट्याप्रमाणे वरखाली होणारी. आमचे साहेब एसेनबाइके म्हणतात, नाचणाऱ्याला पुलाव, झोपलेल्याला नुसता चहा.

७ डिसेंबर
धाकटी बहीण बुरुल खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या गावी बाळंतीण झाली आहे. नवरा रशियात, कझानला, सासू अचानक इस्पितळात. आमच्यात चाळीस दिवस बाळंतिणीला एकटं ठेवत नाहीत. पिवळ्या केसांची अल्बार्स्ती येते आणि तिची फुप्फुसं काढून नेते. दिवसा शेजारणी असतात, पण संध्याकाळी त्यांनाही आपापल्या नवऱ्यांशी बोलायचं असतं. मधला घाट बर्फाने बंद, मी जाऊ शकत नाही. म्हणून तिच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला आणि इथून बघते. पहारा तो पहाराच, असं मी ठरवून टाकलं. बुरुल हसली. म्हणाली, "एजे, तुला मोठी बहीण म्हणून हाक मारली, तर तू ठाणेदार होऊन बसलीस."

१० डिसेंबर
बाळ झोपलेलं, बुरुल झोपलेली, आणि तिच्या कॅमेऱ्याची रेघ मात्र चढत होती. झोपलेल्या खोलीला एवढं लागतं कशाला? कॉलची गर्दी होती, चित्र पुसट. मी हातानेच तिचा वाटा वाढवला. चित्र स्वच्छ झालं.
चुलीपाशी एक बाई पाठमोरी बसली होती, कंगवा पिवळ्या केसांतच थांबलेला.
फोन करून बुरुलला उठवलं. तिने सगळीकडे बघितलं, खोलीत कुणीच नाही म्हणाली.

१२ डिसेंबर
आता कळलं. चित्र स्वच्छ असेपर्यंत ती बाई हलत नाही. हलत नाही म्हणून यंत्र तिथला वाटा काढून खोऱ्याला देतं. चित्र पुसट होतं. परत दिसते तेव्हा ती बुरुलच्या अंथरुणाच्या आणखी जवळ आलेली असते. बुरुलच्या शेजारणीला फोन करून तिच्याकडे जायला लावलं. ती बघून आली, काही नाही म्हणाली, आणि आपल्या कॉलला बसली.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
सगळ्या खोऱ्याचं तोडलं. सगळं बुरुलला दिलं. डोळ्यांत तेल घालून बसले आहे. ती उशाशी आहे, हात उचललेला, तशीच थांबलेली. फार भीती वाटते—

दारात लोक. एकीचा मुलगा मॉस्कोत बांधकामावरून पडला आहे, तिला त्याचं तोंड बघायचं आहे. ती रडते आहे. मी तरी काय—

एसेनबाइके आले. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, एका झोपलेल्या बाईसाठी एवढ्यांची माणसं तोडतेस?" पडद्याकडे पाहिलंही नाही. वाटा पहिल्यासारखा करून—

पुसट. रेघ चढतेय. बुरुल फोन उचलत नाही. अजून चढते—

थांबली. चित्र आलं, स्वच्छ. उशाशी कुणी नाही. बाळ झोपलंय. रेघ खाली, पार तळाला, म्हणजे खोलीत काहीच हलत नाही. बुरुलची छातीसुद्धा—