गवतातला लाल चेंडू

भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे. गॅस संपत आलाय.

रविवारी तू लाथ घातलीस, त्यात ढम्याचा पाय मोडलाय. जनावरांच्या डॉक्टरांना मी सांगितलं, जिन्यावरून पडला. हे सांगायची मला सवय आहे. त्यांनी विचारलं, हा इतका बिचकतो का? म्हटलं, चेंडू आणत नाही म्हणून मार खातो. कुठला चेंडू? लाल, अंगणातल्या गवतात टाकलेला. ते म्हणाले, कुत्र्याला निळा-पिवळा नीट दिसतो, पण लाल आणि हिरवा त्याला सारखेच मळकट दिसतात. म्हणजे सहा महिने तू त्याला माज आलाय म्हणत होतास, तेव्हा तो बिचारा नुसत्या वासावर चेंडू शोधत होता.

छोटीनं हे सगळं ऐकलं होतं. परत येताना घराच्या वळणावर म्हणाली, "आई, गणिताच्या वहीतल्या लाल फुल्या मलापण दिसत नाहीत, असं बाबांना सांगशील?"

मी तिथूनच रिक्षा वळवली असती, पण तिची औषधं घरी होती. ती घेतली आणि आम्ही तिघं ताईकडे निघालोय. न्यायला येऊ नकोस.

चेंडू गवतातच पडलाय. तुला दिसेल.