शकूच्या मधातल्या पुड्या

ता. ९ नोव्हेंबर १९५१, वटार
शकूला पुन्हा धाप. चार वर्षांची पोर, खांदे वर ओढून श्वास घेते. पानवेलीतलं काम टाकून वसईला डॉक्टरांकडे नेली. त्यांनी बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. "धाप लागली तरच अर्धी. रोज नाही." तासाभरात पोर बोलायला लागली.

ता. ११
सासूबाईंनी गोळ्या वाडीतल्या बावखलात, पाण्यात फेकल्या. "इंग्रजी औषधानं पोरीचं काळीज जळंल." हे शेजारीच जेवत होते. मान वर केली नाही.

ता. ३ डिसेंबर
आगाशीहून मामा आले. माझे सख्खे मामा, वैद्यकी करतात. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. शकूची नाडी पाहिली, पुड्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ मधातून. सासूबाईंनी आपल्या हातानं मध काढून दिला.

ता. २० फेब्रुवारी १९५२
चांगलाच गुण आहे. आज शकू केळीच्या वाडीतून धावत गेली नि धावतच आली. मामांचा हात! मी भेटेल तिला सांगत सुटलेय. मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या धाकट्यासाठीही पुड्या मागवल्या.

ता. २८ जून
पाऊस. पुडी चालू असूनही छातीत शिट्टी वाजते. माहेरी जाते सांगून वसईला गेले, त्याच गोळ्या आणल्या. बाटली तांदळाच्या कणगीत तळाशी. कुणाला पत्ता नाही. मामांना तर कळूच नये, वाईट वाटेल त्यांना. अर्धी दिली. शिट्टी गेली.

ता. ५ ऑक्टोबर
अ. गो. (अर्धी गोळी) आता आठवड्यातून तीनदा लागते. पुडी आहेच. पोर खात नाही. झोप तर उडालीच आहे. म्हणते, "आई, छातीत चिमणी फडफडते." हातातून वाटी पडली दोनदा. सासूबाई म्हणतात दृष्ट.

ता. १४ जानेवारी १९५३
आज सगळं कळलं. नीट लिहिते.
शकूची बोटं थरथरत होती म्हणून उघड उघड वसईला नेली. डॉक्टरांनी नाडी धरली नि घड्याळाकडे बघतच राहिले. "बाई, गोळी किती देता?" सांगितलं. "आणखी काय देता?" पुडी दाखवली. त्यांनी ती कागदावर पसरली. भुकटीत एक पांढरा कपचा, न कुटलेला. त्यावर मधोमध सरळ रेघ. माझ्या बाटलीतली गोळी काढून शेजारी ठेवली. तीच रेघ.
"म्हणजे रोज दोनदा ही देताच आहात. वरून अर्धी आणखी."
वर्षभर. माझ्याच हातानं.
तशीच शकूला कडेवर घेऊन आगाशीला गेले. मामा ओसरीवर बसलेले. कागद पुढे केला. नाही म्हणाले नाहीत.
"गुण आला ना पोरीला?"
"मामा, मला तरी सांगायचं."
"तुझ्या सासूनं इंग्रजी म्हटल्यावर दिलं असतं? जावईबापूंनीच आणून दिल्या गोळ्या. मुंबईहून. दर महिन्याला."
जावईबापूंनी.

ता. १५
ह्यांना विचारलं. म्हणाले, "आईला इंग्रजी नको, पोरीला त्याशिवाय चालेना. काय करणार होतो?"
"मला का नाही सांगितलंत?"
"तुझ्या पोटात राहिलं नसतं."
कणगीतली बाटली आणून पुढ्यात ठेवली. सात महिने राहिली माझ्या पोटात. एका घरात एकच गोळी, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत राहिलो.

ता. १७
जाऊबाईंना सांगितलं, पुड्या बंद करा. रडल्या. मग म्हणाल्या, "तूच तर दिल्यास." खरंच आहे.

ता. २ फेब्रुवारी
पुडी बंद. पहिले आठ दिवस वाईट गेले, दोनदा अ. गो. द्यावी लागली. आता हात स्थिर. काल भाकरी मागून खाल्ली. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या भीतीनं केलंत होय सगळ्यांनी?" तेव्हापासून बोलत नाहीत. ह्यांच्याशी मी बोलत नाही.

ता. ८ मार्च
दुपारी मामा आले. न बोलावता. हातात काही नाही, पिशवीसुद्धा नाही. शकूनं फाटकापासूनच "आजोबा" म्हणून धाव घेतली नि मांडीवर चढली. त्यांनी तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिले. डोळे मिटलेले. नंतर विचारलं, "आता कुठलं औषध घेतेस गं?"
"आईला विचारा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला या म्हणवेना, जा म्हणवेना. पाणी आणते म्हणून आत आले. तांब्या भरलाय. हे लिहीत बसलेय. बाहेर शकू त्यांना काहीतरी सांगते आहे, खूप हसते आहे, आणि मामाही हसताहेत. तांब्या घेऊन जाते.